सुपारी लागते तेव्हां

आपल्या भाषेंत 'सुपारी लागणें' असा एक मोठा मार्मिक प्रयोग आहे. जेवण आटोपून मंडळी बैठकीवर येतात, पानाचें तबक फिरतें, आणि नव्या सुपारीचें खांड तोंडांत टाकणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या कपाळावर एकाएकीं घाम डवरतो. तोंडाला पाणी सुटतें, छातींत कोंडल्यासारखें होतें, कान तापतात आणि डोकें गरगरूं लागतें. वडील मंडळी हंसून म्हणतात, "सुपारी लागली!" कोणी गुळाचा खडा पुढें करतें, कोणी पाण्याचा तांब्या आणतें, आणि थोड्याच वेळांत पाहुणा पूर्ववत् गप्पांत रंगतो. हा प्रकार आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला असेल. परंतु त्या थोड्या वेळांत शरीरांत घडतें तरी काय, याचा विचार क्वचितच कोणी करतो.

नांदेडास एका शाळेंत मीं तीस वर्षें शास्त्र हा विषय शिकविला. तरीहि या घामाचा विचार मला शाळेंत सुचला नाहीं. तो घरानें शिकविला. आमचें कुटुंब मोठें. अर्धें नांदेडास, अर्धें लातुरास, आणि वडिलोपार्जित जमीन औसा तालुक्यांत. गेल्या कांहीं वर्षांत या कुटुंबांत व त्या जमिनीवर अशा कांहीं गोष्टी घडल्या कीं, त्या साऱ्यांच्या मुळाशीं हाच सुपारीचा घाम आहे, हें पाहून मी चकित झालों. वाचकांच्याहि घरांत म्हातारी माणसें आहेत, पुष्कळांची गांवीं जमीन आहे. म्हणून हें लिहितों.

सुपारींत अरेकोलिन नांवाचें द्रव्य असतें. तें काय करतें हें समजण्यासाठीं आधीं दोन शब्द आपल्या मज्जातंतूंविषयीं सांगितले पाहिजेत. आपल्या इच्छेवांचून काम करणाऱ्या मज्जातंतूंचे दोन संघ शरीरांत आहेत. एक अनुकंपी, तो संकटकाळाचा. बैल उधळला कीं छाती धडधडते, तोंड कोरडें पडतें, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, ही त्याची करणी. दुसरा परानुकंपी; तो स्वस्थतेचा. जेवून शतपावली घालणाऱ्या गृहस्थाची नाडी संथ चालते, लाळ सुटते, आंतडीं हलतात, बाहुल्या लहान होतात, तो सारा या दुसऱ्या संघाचा कारभार.

हा संघ आपले निरोप पोंचवितो कसे? 1921 मध्यें ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें ऑटो लोवी या शास्त्रज्ञानें बेडकांचीं दोन हृदयें घेतलीं. पहिल्याचा व्हेगस नांवाचा मज्जातंतु त्यानें विजेनें डिवचला, तेव्हां त्या हृदयाचे ठोके मंदावले. मग पहिल्या हृदयाभोंवतींचें द्रावण काढून त्यानें दुसऱ्यास दिलें. आणि त्याचा मज्जातंतु कोणींहि डिवचलेला नसतां तेंहि मंदावलें. हा प्रयोग आपणांस स्वप्नांत सुचला, असें लोवी सांगत असे. निरोप विजेच्या ठिणगीनें पोंचत नाहीं, एका द्रव्यानें पोंचतो, हें त्यावरून सिद्ध झालें. तें द्रव्य असिटिलकोलिन. इंग्लंडांतील हेन्री डेल यांनीं 1914 मध्येंच त्याचे गुणधर्म अभ्यासिले होते. 1936 चें नोबेल पारितोषिक या दोघांस विभागून मिळालें. घामाच्या ग्रंथींची तार खरें पाहतां पहिल्या संघांतून येते, पण तेथेंहि निरोप्या हाच. आणि हातापायांच्या स्नायूंना हुकूम पोंचविणाराहि हाच.

आतां आपल्या न्हाणीघरांतील हौद डोळ्यांपुढें आणा. वरून नळ चालूं आहे, खालून मोरीनें पाणी वाहून जात आहे. असिटिलकोलिन हें नळाचें पाणी, आणि तें क्षणार्धांत फोडून टाकणारें एन्झाइम ही मोरी. हौदांतील पाणी वाढवावयाचें तर उपाय दोनच: दुसरा नळ सोडावा, किंवा मोरींत बोळा घालावा. परानुकंपी संघास चेतविणारीं सारीं औषधें या दोन जातींचीं आहेत. सुपारींतील अरेकोलिन हा दुसरा नळ. निरोप्याचा वेष घेऊन तें थेट दारावर थाप मारतें. म्हणूनच पाहुण्याला लाळ सुटते, घाम येतो. हा नळ रोज चालूं ठेवणाऱ्यांचे हाल मात्र निराळे. सुपारीच्या संवयीनें गालाचें आंतलें अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासें होतें, आणि 2004 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें केवळ सुपारीसहि कर्करोगकारक ठरविलें. महाराष्ट्रांत 2012 मध्यें गुटख्यास बंदी झाली. पण साध्या सुपारीस कोण बंदी करणार? आमच्या घरीं ती आतां पूजेच्या तबकांत असते, जेवणानंतरच्या तबकांत नसते.

पहिली गोष्ट आमच्या लातूरच्या काकूंची. एके संध्याकाळीं त्यांचें डोकें असह्य दुखूं लागलें, दोन वांत्या झाल्या. शेजारणी म्हणाल्या, पित्त उसळलें आहे. परंतु धाकट्या सूनबाईंनीं काकूंचा चेहरा दिव्याकडे वळवून पाहिला, तों एक डोळा लालभडक, आणि काकू म्हणाल्या, "अग, दिव्याभोंवतीं इंद्रधनुष्याचीं कडीं दिसताहेत." सूनबाईंनीं तेवढ्यावरूनच रिक्षा बोलाविली. नेत्रवैद्यांनीं सांगितलें कीं, हा अचानक उद्भवणारा काचबिंदु. डोळ्यांतील पाणी बाहेर जाण्याची वाट बुबुळाच्या कडेशीं बंद झाली आहे, आणि उपाय न झाल्यास दृष्टि कायमची जाईल. त्यांनीं प्रथम दाब उतरविणारीं इतर औषधें दिलीं, मग पायलोकार्पिनचे थेंब घातले. त्या थेंबांनीं बाहुली आवळते, पडदा कडेपासून ओढला जातो आणि तुंबलेली वाट मोकळी होते. पुढें किरणांच्या साह्यानें पडद्यास सूक्ष्म छिद्र पाडल्यावर काकूंचा डोळा वांचला.

पायलोकार्पिन हें ब्राझिलांतील जाबोरांडी नांवाच्या झुडुपाच्या पानांतून 1875 मध्यें वेगळें काढण्यांत आलें. तो नळाचा प्रकार. त्याच्या आधीं बोळ्याचा प्रकार सांपडला होता, आणि त्याची हकीकत चमत्कारिक आहे. पश्चिम आफ्रिकेंत, हल्लींच्या नायजेरियांतील कालाबारकडे, एका वेलीची बी न्यायनिवाड्यासाठीं वापरीत. आरोप आलेल्या मनुष्यास ती खावयास देत; वांति होऊन वांचला तर निर्दोष, मेला तर अपराधी. एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांनीं ती स्वतः खाऊन पाहिली व प्राण संकटांत घातले. त्याच नगरींत 1863 च्या सुमारास तिच्या अर्कानें बाहुली आवळते हें उघडकीस आलें, 1864 मध्यें तिच्यांतून फायसोस्टिग्मिन वेगळें निघालें, आणि पुढल्या दशकांत तें काचबिंदूवर वापरूं लागले. ज्या बियेनें माणसें मारीत, तिनेंच डोळे वांचविले. आपल्या दारचा धोतरा याच्या नेमका उलट. त्यांतील अ‍ॅट्रोपिन पाणी कमी करीत नाहीं. तें ग्रंथी, हृदय व डोळे यांच्या आळ्यांभोंवतीं बांध घालतें, म्हणजे हौद भरलेला असूनहि त्या रोपांना पाणी पोंचत नाहीं. म्हणून धोतरा खाल्लेल्या मुलाचें तोंड कोरडें पडतें व बाहुल्या विस्फारतात. हा बांध आणि तो बोळा, या दोहोंचें वैर पुढील गोष्टींत उपयोगी पडतें.

दुसरी गोष्ट शेतावरची. आमची जमीन एक बटाईदार करतो. एका पावसाळ्यांत तिन्हीसांजेला त्याच्या थोरल्या मुलाला बांधावर नाग चावला. मी त्या दिवशीं लातुरांतच होतों. बापाचा फोन आला, "मास्तर, पोराच्या पापण्या वर होईनात, बोलणं नाकांतून येतंय." गांवांत मांत्रिकाचें नांव निघालें होतें, पण आमच्या पुतण्यानें एक क्षण न दवडतां आपली मोटार काढली, मुलाचा पाय हलूं न देतां त्याला आडवें निजविलें आणि सरळ लातूरचें रुग्णालय गांठलें. तेथें त्याला प्रतिविष दिलें. आणि त्याबरोबरच दुसरीं दोन इंजेक्शनें, आधीं अ‍ॅट्रोपिन आणि मागून निओस्टिग्मिन. अर्ध्या तासानें त्या मुलानें पापण्या वर करून बापाकडे पाहिलें. बाप तेव्हां भिंतीला टेकून खालींच बसला.

हें कसें घडलें? नागाचें विष स्नायूंच्या दारावर जाऊन बसतें आणि निरोप्यास आंत येऊं देत नाहीं. पापण्या प्रथम पडतात, मग गिळणें, मग श्वास. निओस्टिग्मिन हा फायसोस्टिग्मिनच्या धर्तीवर 1931 मध्यें तयार केलेला बोळा. मोरी बंद झाली कीं पाणी चढतें, इतकें चढतें कीं विषाच्या बांधावरून तें पलीकडे झिरपूं लागतें. परंतु तेंच चढलेलें पाणी हृदयास मंद करील व फुप्फुसें चिकटीनें भरील. म्हणून तेथें आधींच अ‍ॅट्रोपिनचा बांध घालून ठेवतात. या उपायाची जननी म्हणावी अशी एक बाई आहे. लंडनच्या ग्रीनिच भागांतील एका रुग्णालयांत मेरी वॉकर नांवाच्या डॉक्टरीण होत्या. मायस्थेनिया नांवाच्या स्नायुदौर्बल्याचे रोगी पाहून त्यांच्या मनांत आलें कीं, हीं लक्षणें क्युरारी या बाणाच्या विषासारखीं आहेत. मग त्या विषावरचा उतारा येथें कां देऊं नये? 1934 मध्यें त्यांनीं फायसोस्टिग्मिन टोंचलें, आणि पडलेल्या पापण्या उचलल्या गेल्या.

मात्र एवढ्यावरून कोणीं असें समजूं नये कीं, हें इंजेक्शन हा प्रत्येक सर्पदंशाचा उतारा आहे. मण्याराचें विष मज्जातंतूच्या टोंकालाच इजा करतें. तेथें नळच फुटलेला, मग मोरी बुजवून काय मिळणार? मण्यार बहुधा रात्रीं जमिनीवर निजलेल्यांस चावतो, आणि दंश दुखतहि नाहीं. घोणस व फुरसें यांचें विष तर रक्तावर जातें. प्रतिविष आणि वेळ पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वासाचें यंत्र, हेंच खरें रक्षण. बाकीचें निदान जाणत्या डॉक्टरांवर सोडावें.

येथवरच्या गोष्टी सुखान्त झाल्या. तिसरी तशी नाहीं.

मराठवाड्यांत 'औषध' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोग्याला देतात तें औषध, आणि कपाशीवर, सोयाबीनवर फवारतात तेंहि औषध. "त्यानें औषध घेतलें" हें वाक्य आपल्याकडे ऐकूं आलें कीं, ऐकणारा पहिल्यानें विचारतो, "कोणतें?", आणि त्या प्रश्नामागें किती घरें बुडालीं, हें सांगण्याची गरज नाहीं. भाषेनें नकळत एक सत्य सांगून ठेवलें आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें आणि निओस्टिग्मिन यांचें काम एकच: मोरींत बोळा. फरक इतकाच कीं, निओस्टिग्मिनचा बोळा कांहीं तासांत निघतो, आणि या फवारणीच्या औषधांचा बोळा सिमेंटासारखा बसतो. जर्मनींत गेरहार्ड श्राडर हा रसायनज्ञ 1930 नंतरच्या वर्षांत किडे मारण्याचें द्रव्य शोधीत होता. त्याच्याच हातून 1936 मध्यें टाबून हा युद्धांतील विषारी वायु जन्मास आला. किड्याची मोरी आणि माणसाची मोरी निसर्गानें एकाच घडणीची केली आहे.

पाठीवर पंप घेऊन दुपारच्या उन्हांत, उघड्या अंगानें, वाऱ्याच्या तोंडीं फवारणाऱ्या मजुराच्या कातडींतून हें द्रव्य आंत शिरतें. घाम, लाळ, डोळ्यांना पाणी, टांचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या, मळमळ, आणि शेवटीं छातींत पाणी भरल्यागत घरघर. सुपारी लागलेल्या पाहुण्याची स्थिति शतपट करा, म्हणजे हें चित्र उभें राहील. 2017 च्या पावसाळ्यांत आमच्या नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकऱ्यांस व मजुरांस विषबाधा झाली, आणि वीसाहून अधिक माणसें दगावलीं. किनवट-माहूरकडची कपाशी व ती कपाशी यांत केवळ पैनगंगेचें पात्र आहे. अशा रोग्यास छाती कोरडी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन पुन्हां पुन्हां द्यावें लागतें, आणि सिमेंट घट्ट होण्यापूर्वीं पोंचल्यास पुष्कळदां प्रॅलिडॉक्झाइम हें बोळा सोडविणारें औषधहि देतात. प्रत्येक तास मोलाचा असतो.

त्या वर्षांनंतर कांहीं सुधारणा झाल्या. मिथिल पॅराथिऑनवर 2018 मध्यें बंदी आली, आणि शेतकरी ज्यास थिमेट म्हणून ओळखतात तें फोरेट 2020 अखेर बंद झालें. परंतु या जातीचीं सारींच औषधें गेलेलीं नाहींत.

येथें आणखी एक सावधगिरी. घाम आणि लाळ दिसली कीं अ‍ॅट्रोपिन, असेंहि चालत नाहीं. लाल विंचवाच्या दंशांत प्रथम हींच लक्षणें दिसतात. पण मागून अनुकंपी संघाचें वादळ उठतें, रक्तदाब चढतो व हृदय थकतें. मूळचे आपल्या जालना जिल्ह्यांतील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं महाडास राहून, रोग्यांच्या खाटेशीं रात्रीच्या रात्री जागून, तेथें प्राझोसिन हें निराळेंच औषध उपयोगी पडतें हें दाखविलें. 2022 मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. लक्षण एक, कारण वेगळें, म्हणून उपाय वेगळा; हा धडा कोणत्याहि शाळेंत शिकविण्याजोगा आहे.

चौथी गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण ती पुष्कळ घरांतील आहे. आमच्या अण्णांचें वय 86. त्यांस विस्मृतीचा विकार जडला. थोरल्या भावाला ते कधीं कधीं आपले चुलते समजतात. नांदेडच्या डॉक्टरांनीं त्यांस डोनेपेझिल सुरू केलें. हेंहि मोरीचाच बोळा, परंतु मेंदूंत काम करणारा. जपानांत तयार झालेला, आणि 1996 मध्यें अमेरिकेंत मान्यता मिळालेला. तो रोग थांबवीत नाहीं. कांहीं काळ पायरी जरा हळू उतरूं देतो, इतकेंच. पुढें अण्णा लातुरास राहिले असतां वारंवार लघवीस जावें लागतें म्हणून तेथें त्यांस दुसरी एक गोळी मिळाली, ऑक्सिब्युटिनिन. म्हणजे अ‍ॅट्रोपिनच्या जातीचा बांध. एक गोळी पाणी चढविते, दुसरी बांध घालते. अण्णांचा गोंधळ मात्र वाढला. हें पहिल्यानें कोणाच्या ध्यानांत आलें? आमच्या वहिनींच्या. त्यांनीं दोन्ही गांवच्या चिठ्ठ्या एका वहींत उतरवून डॉक्टरांपुढें ठेविल्या. डॉक्टरांनीं नाडी मोजली, ईसीजी काढला, आणि दुसरी गोळी बंद केली. एकत्र कुटुंबांत म्हाताऱ्या माणसाचा मुक्काम बदलतो, डॉक्टर बदलतो. म्हणून त्याच्या गोळ्यांची वही त्याच्या पिशवींत त्याच्याबरोबरच फिरली पाहिजे.

आतां मूळ मुद्दा. गेल्या दिवाळीस सारे भाऊ एकत्र जमलों असतां मीं फवारणीचा विषय काढला. धाकट्या बंधूंचें म्हणणें असें कीं, जमीन बटाईनें दिली, तेव्हां मजूर बटाईदाराचा. हातमोजे, तोंडावरचें आवरण, पूर्ण बाह्यांचा अंगरखा यांचा खर्च आपण कां सोसावा? शिवाय उकाड्यांत तीं माणसें तीं घालणार नाहींत. हा युक्तिवाद कायद्यानें कदाचित् बरोबर असेल. आणि उकाड्याविषयीं तर ते खरेंच बोलत होते. परंतु मला वाटतें, पीक आपल्या घरीं येतें तेव्हां आपण असें म्हणत नाहीं कीं, तें बटाईदाराचें आहे. काकूंच्या डोळ्यांत थेंब पडला तेव्हां डॉक्टर शेजारीं होते. अण्णांच्या गोळ्यांवर वहिनींची नजर होती. त्या मुलाला बोळा घातला तेव्हां बांध आधींच तयार होता. पाठीवर पंप घेतलेल्या मनुष्याजवळ मात्र तेंच काम करणारें द्रव्य आहे, आणि पाहणारें कोणी नाहीं. मात्रा मोजणारा व शेजारीं बसणारा माणूस असला म्हणजे तें औषध, नसला म्हणजे विष; याहून निराळा भेद मला सांपडला नाहीं.

थोरल्या भावानें दोन्ही बाजू ऐकून घेतल्या व निर्णय दिला. साहित्य आपण घ्यावें. उकाडा चुकविण्यासाठीं फवारणी सकाळींच उरकावी, वारा सुटल्यावर करूं नये. डब्यावरील त्रिकोण लाल असेल तें औषध आपल्या शेतांत आणूं नये. फवारतांना तंबाखू मळूं नये. काम झाल्यावर साबणानें अंग धुवावें आणि कपडे निराळे ठेवावे. कोणाला मळमळूं लागलें तर रिकामा डबा बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गांठावें, म्हणजे डॉक्टरांना द्रव्य कळेल. बंधूंनीं मान डोलाविली नाहीं, पण विरोधहि केला नाहीं. शेताच्या खर्चाच्या वहींत 'फवारणी' या रकान्याखालीं त्यांनीं स्वतःच्या हातानें 'रक्षण' असा एक नवा रकाना आंखला, आणि त्यापुढें पहिली रक्कम लिहिली.